कोरी माती

तो मोठा दिवा घालवा आधी. टेबलावरचा छोटा जवळ ठेवा, पण लावू नका. त्याचं काम शेवटी आहे. आणि ए चष्मेवाल्या, मध्येच "मामा, हे शक्यच नाही" म्हणालास तर सरळ उठून झोपायला जायचं.

उकरीताईला परदेशात झेपलं नाही, म्हणून शिक्षण अर्धवट टाकून परत आली, असं तुमच्या आया सांगतात ना? साफ खोटं. माझ्या थोरल्या बहिणीची ती मुलगी. लहानपणी दिसेल तिथली माती उकरायची म्हणून मीच तिला उकरी नाव ठेवलं. तिच्याबद्दल कुणी असं बोललं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आज खरं काय ते ऐका.

गेल्या वर्षी, नोव्हेंबरच्या सोळा तारखेला, गुरुवारी, तिकडच्या घड्याळात रात्री अकरा वीसला उकरी आपली करणी आणायला निघाली. करणी म्हणजे गवंड्याच्या हातात असते ती, तसली करणी नव्हे. हसू नका. उत्खननात मातीचा पापुद्रा खरवडायला तीच लागते. ही मी घेऊन दिलेली होती, कोरी करकरीत, मुठीवर तापल्या खिळ्यानं मी 'उ' उमटवलेला. संध्याकाळी रागाच्या भरात ती खड्ड्यातच राहिली. मानवशास्त्र शिकणाऱ्या दहा-बाराजणांना एका बंद पडलेल्या शाळेत उतरवलं होतं. तिथून खड्डा पाव तासावर. डांबरी रस्ता, बंद पेट्रोल पंप, मग वीटभट्टीची मोकळी जागा. वाटेत तिनं मला फोन लावला. इथे पहाटेचे पाच वाजत आलेले.

"मामा, झोपला होतास?"

"नाही गं, तुझ्या फोनची वाट बघत पहारा देत होतो. बोल."

"आज मी खोटं लिहिलं. स्वतःच्या हातानं." आणि ती रडायलाच लागली. दुःखानं नव्हे हं, संतापानं.

झालं होतं असं. खड्डा पुरुषभर खोल गेलेला. दुपारी तिच्या लक्षात आलं की पश्चिमेकडच्या अर्ध्या भागात माती मऊ आहे, काळी-पिवळी मिसळलेली आहे, आणि दोन मातींमधली रेघ अगदी सरळ आहे. निसर्ग फूटपट्टी लावून रेघ मारत नाही. तिथे आधी कुणीतरी खणून, परत बुजवलं होतं. तिनं मऊ माती काढली, तर तळाशी एक नाणं. फार जुनं नव्हे, एकोणीस वर्षांपूर्वीचं.

खणणाऱ्यांची एक रीत असते. खड्डा बुजवण्याआधी तळाशी त्या वर्षाचं नाणं ठेवायचं. पुढे कधी कुणी खणलं, तर त्याला कळावं की आपल्याआधी इथे माणसं येऊन गेलीत.

उकरी हरखून नाणं घेऊन मोठ्या सरांकडे धावली. मोठे सर म्हणजे सगळ्या कामाचे प्रमुख. तिच्या प्रबंधावर सही त्यांचीच लागायची. सरांनी नाणं उलटसुलट करून पाहिलं, खिशात टाकलं आणि म्हणाले, "कुणाच्या तरी खिशातून पडलं असेल. वहीत लिही, कोरी माती."

कोरी माती म्हणजे जिला कधीच कुणाचा हात लागलेला नाही ती. वहीत तसं लिहिलं की खणणं थांबतं, प्रश्नही थांबतात.

"सर, पण रेघ स्पष्ट दिसतेय..."

"तुला पदवी हवीय ना? मग लिही. आणि उद्या खड्डा बुजवून टाका."

तिनं लिहिलं. 'कोरी माती. आधी कुणी खणलेलं नाही.' खाली सही. तिथला म्हातारा मुकादम काठावर उभा राहून बघत होता. नुसती मान हलवून निघून गेला.

"सही केली मी, मामा," ती फोनवर म्हणाली. "लाज वाटतेय माझी मला."

खरं सांगतो, मी तिला म्हणालो, "जाऊ दे, बाळा. पदवी मिळव आणि मोकळी हो." त्याबद्दल मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही.

तेवढ्यात ती खड्ड्यापाशी पोचली. म्हणाली, "थांब, शिडीवरून उतरते." फोन तिनं चालूच ठेवून शर्टाच्या वरच्या खिशात टाकला. दुसऱ्या हातात विजेरी.

एक पाय शिडीवर ठेवला आणि ती थबकली.

खालून आवाज येत होता.

खर्र... खर्र... खर्र... मग थांबायचा. मग पुन्हा तीनदा. खणणारा माणूस तीन फटके ओढतो, माती बाजूला सारतो, पुन्हा तीन फटके ओढतो. तसाच. हा आवाज मीसुद्धा ऐकला. इथे, याच खोलीत, कानाला फोन लावून.

"कोण आहे?" ती ओरडली.

आवाज थांबला.

तिनं विजेरी मारली. खड्डा रिकामा. ती घाबरट नाही, आणि त्या दिवशी तर पेटलेलीच होती. तिला वाटलं, सरांनीच कुणाला तरी पाठवलंय रेघ पुसायला. खाली उतरली.

करणी तिनं पूर्वेच्या कोपऱ्यात खोचली होती. आता ती पश्चिमेला, मऊ मातीत उभी होती. मूठ अजून हलत होती. बारीक.

तिनं विजेरी वर नेली. पश्चिमेची भिंत संध्याकाळी ओबडधोबड होती. आता वरपासून खालपर्यंत खरवडलेली, आरशासारखी साफ. दोन मातींमधली ती रेघ सबंध दिसत होती. आणि ती फक्त खालीच सरळ होती. वर... वर ती फाटली होती. एकदम. जुनी भिंत ढासळून आत आलेली. कुणीतरी खाली असताना.

तिला ते वाचता येत होतं. तेच तर शिकायला गेली होती.

"मामा..."

"वर ये," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता वर ये."

तिच्या बुटावर माती पडली. चिमूटभर.

मग मूठभर.

ती शिडीकडे वळली. शिडी... हातभर मातीत रुतलेली. हलेना. तिच्या घोट्यापर्यंत माती, पाय सुटेना. वारा नाही. काही नाही. फक्त सुर्रर्र...

मी इथे ओरडतोय.

आणि मग उकरीचा आवाज. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "मी खोटं लिहिलंय! मला माहितीय! थांब, लिहिते मी!"

माती थांबली.

खिशातून वही काढली. या वहीत खोडरबर चालत नाही, चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. तिनं 'कोरी माती' वर रेघ मारली. खाली लिहिलं, 'आधी खणलेलं आहे. भिंत कोसळलेली आहे. आत माणूस होता.' पुन्हा सही. तारीख, वेळ. अकरा सत्तेचाळीस.

पाय सोडवले, करणी उपटली, शिडी धरून वर आली. ती चार पावलं गेली असेल नसेल, पश्चिमेची भिंत धाडकन खाली बसली.

सकाळी तिनं मुकादमाला गाठलं. वहीचं पान त्याला वाचून दाखवलं.

"एक मुलगा होता," तो म्हणाला. "डावखुरा. काम संपवायची घाई होती. भिंतीला फळ्यांचा आधार द्या म्हणून मी तीनदा सांगितलं. साहेब, म्हणजे तुमचे हेच मोठे सर, म्हणाले, वेळ नाही. मुलगा गेला. साहेबांनी कागदावर लिहिलं, रस्त्यावर अपघात झाला. संध्याकाळच्या आत खड्डा बुजवायला लावला."

"आणि नाणं?"

"नाणं मी टाकलं. यंदा नवा खड्डा त्याच जागी यावा म्हणून आखणीच्या खुंट्याही मीच रात्रीत सरकवल्या. मला लिहिता कुठे येतं? म्हटलं, लिहिता येणारं कुणीतरी यावं."

उकरीनं पानाचा फोटो काढून दोन्हीकडच्या विद्यापीठांना पाठवला. सरांनी हात वर केले. भिंत पडलेली, नाणं त्यांच्या खिशात, मुकादम अंगठेबहाद्दर. 'विद्यार्थिनीच्या मनावर परिणाम झाला आहे' असं पत्र देऊन तिला घरी धाडलं. सर अजून खुर्चीत आहेत, हार घालून घेतात. ऐकताय ना? हार!

पण मुकादमानं एक पत्ता जपून ठेवला होता. उकरीनं तेच पान त्या मुलाच्या आईलाही पाठवलं. बाईंचा फोन आला. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "रस्त्यावर पडला म्हणाले, आणि त्याच्या कपड्यांत सगळी माती. एकोणीस वर्षं मी विचारतेय. वेडी ठरवलं मला. तू लिहिलंस, पोरी." मग म्हणाल्या, "त्याचं सगळं सामान परत आलं, फक्त करणी नाही आली."

आता लावा तो छोटा दिवा.

ही बघा. मी घेतलेली. मुठीवर हा माझाच 'उ'. सोळा तारखेच्या सकाळपर्यंत हिची धारही बोथट झाली नव्हती, हवं तर उकरीला विचारा. आता बघा, एक कड बोटभर झिजून गेलीय. एवढं झिजायला खणणाऱ्याची वर्षं जातात. चष्मेवाल्या, हातात घे. उजव्या हातात धरून ओढून बघ बरं, या कडेनं जमतं का?

नाही जमत ना. आता डाव्या हातात घे.