टेबलाची खालची बाजू

टाकून दिलेली खुर्ची कचराकुंडीला टेकून उभी होती. खुर्चीचा एक हात तिने धरला होता आणि दुसरा त्याने.

"मी आधी बघितली," ती म्हणाली.

"बघितलीत? मग उलटी करा."

"कशाला?"

"करा तर..."

तिने खुर्ची उलटी केली. बैठकीखाली वाळवीने मातीची लांबलचक रेघ ओढली होती आणि फटीत ढेकणांचं अख्खं खटलं नांदत होतं. तिने हात असा झटकला, की खुर्ची थेट त्याच्या पायावर आदळली. तो लंगडत लंगडत हसला. "रस्त्यावरचं काही घ्यायचं ना, तर आधी उलटं करून बघायचं. वरून सगळेच गोरेगोमटे."

तो सुतार होता. लोकांनी फेकलेलं लाकूडसामान गोळा करून त्यातून नवं काहीतरी उभं करायचा. ती चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर गिऱ्हाइकांना भिंतीवरची बारीक अक्षरं वाचायला लावायची. घर सोडून पहिल्यांदाच एकटी राहत होती. भाड्याच्या खोलीत संसार काय, तर एक गादी आणि एक बादली.

मग दर रविवारी दोघं गल्ल्या पालथ्या घालू लागली. कुणाच्या पलंगाच्या फळीचा तिला बाक झाला, कुणाच्या मोडक्या खिडकीचं ताटाळं झालं. ती त्याला 'मिस्त्री' म्हणायची, तो तिला 'चष्मेवाली'. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. ती आता दिसेल ती वस्तू आधी उलटी करायची, शिकवणी पक्की होती.

"भुवईवर भुसा बसलाय तुझ्या," तो एकदा म्हणाला.

"मग काढ की."

बाकीच्या बोटांना सरस लागलेला, म्हणून त्याने करंगळीने काढला... आणि करंगळी जरा जास्तच वेळ तिथे राहिली. तिला वाटलं, आता विचारेल. पण कसलं काय. लाकडाबद्दल विचारा, तासभर बोलेल. मनातलं काढायचं म्हटलं की हा गडी मूग गिळून गप्प. तिला बाकी काही नको होतं, त्याने एकदा विचारावं, बस्स. आपणच विचारावं असंही मनात यायचं, पण 'नाही' ऐकायची छाती नव्हती. दोघंही एकाच माळेचे मणी, मग गाडं पुढे सरकणार कसं?

तिच्या वाढदिवसाला त्याने टेबल आणलं. वरचा भाग शाळेने टाकलेल्या फळ्याचा, चार पाय चार ठिकाणचे. महिनाभर खपला होता त्यावर.

"नीट बघ हं," तो दारातूनच म्हणाला. "सगळीकडून."

"तू बनवलंयस म्हटल्यावर बघायचं काय त्यात?"

"तरी... सावकाश बघ. रविवारी येतो मी."

रविवारी आला तो पाय कसायचेत म्हणून थेट टेबलाखाली शिरला. बराच वेळ बाहेरच येईना. "झोपलास की काय?" वर बसून पाय हलवत तिने विचारलं. तो बाहेर आला तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"टेबल नीट बघितलंस ना तू?"

"बघितलं की. छान आहे."

"बरं," तो म्हणाला. चहासाठीही थांबला नाही.

त्यानंतरच्या रविवारी त्याला काम होतं. पुढच्याही रविवारी होतं. ती मानी, तिनेही विचारलं नाही. वर्षाच्या आत त्याने घरच्यांनी बघितलेल्या मुलीशी लग्न केलं. ती आठवडाभर रडली आणि मग दोन वर्षं त्याला शिव्या देत राहिली. "भित्रट मेला," बहिणीला सांगायची, "तोंडातून एक वाक्य निघालं नाही त्याच्या."

खोली बदलायची वेळ आली. सामान हलवायला तिचा दादा आला होता. टेबल दारातून निघेना, म्हणून त्याने ते उलटं केलं.

"अगं, इथे काहीतरी लिहिलंय."

सुताराच्या जाड पेन्सिलीतली ठळक अक्षरं होती. 'चष्मेवाली, माझ्याशी लग्न करशील? समोर उभं राहून बोलायला जमत नाही. उत्तर इथेच खाली लिही, रविवारी बघेन.' शेजारी दोन खिळ्यांच्या मध्ये पेन्सिलीचा तुकडा अडकवून ठेवलेला होता. त्याखालची जागा कोरी होती.

ती तडक त्याच्या दुकानात गेली. तो एका जुन्या पाळण्याला नवी दांडी बसवत होता.

"ते टेबल आज उलटं केलं," ती म्हणाली.

त्याचा हात थांबला. "आज?"

"आज."

"पण पहिल्याच दिवशी शिकवलं होतं ना तुला... उलटं केल्याशिवाय काही घ्यायचं नाही म्हणून."

"ते रस्त्यावरच्या वस्तूंचं होतं, मिस्त्री. तुझ्या हातची वस्तू मी कशाला तपासू?"

त्याने दांडी काढून खाली ठेवली. आतून त्याच्या बायकोने विचारलं, "कोण आलंय? चहा टाकू का?"

"नको म्हणतायत त्या," तो म्हणाला. मग आवाज अगदी खाली आणून, "काय लिहिलं असतंस?"

"हो लिहिलं असतं. दुसरं काय लिहिणार होते?" रागाने ती उभीच राहिली. "भित्रा तर तू आहेसच. मीही काही कमी नाही."

त्याने पॉलिश पेपरचा एक तुकडा फाडून तिच्या हातात दिला. "घासून टाक. पेन्सिलच आहे, दोन मिनिटांत जाईल."

तिने तो घेतला आणि निघून आली.

नव्या घरात ती त्याच टेबलावर जेवते. पॉलिश पेपर अजून वापरलेला नाही. आणि हल्ली कुणीही काही भेट दिलं, की ती आधी उलटं करून बघते. खाली काही लिहिलेलं नसतं.