तिसरं कडवं सुचेना

"तुमच्या सात गाण्यांत नऊ माणसं मरतात. मी मोजलीत."

ऑगस्टची सर अचानक आली म्हणून मी गिटारची पेटी पोटाशी धरून बियाण्यांच्या दुकानाच्या ओसरीवर धावले होते. वळून पाहिलं – खांद्यावर कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं, टोपीवरून ठिबकणारं पाणी, आणि चेहरा इतका गंभीर की हसावं की रागवावं कळेना.

"आठ," मी म्हणाले. "आठच मेलीत."

"तुम्ही कुत्रा धरला नाहीत."

"कुत्रा माणूस नसतो."

"हे माझ्या आजोबांना सांगून बघा एकदा."

तो कॉय साइझमोर. डोंगरावर आजोबांबरोबर राहायचा, ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. रविवारी रेडिओवर मी गाते ते दोघं न चुकता ऐकत.

"एक विचारू, मिस टॅकेट?" त्याचा आवाज उतरला. "तुमची ती सगळी माणसं नदीपलीकडे जातात... दारात आई वाट बघत असते... तुम्हाला खरंच असं वाटतं?"

हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. केंटकीच्या या डोंगरांत गाण्यात कुणी मेलं की ते वर जातंच. त्यातून माझे बाबा चर्चचे पाद्री.

"वाटतं की," मी म्हणाले. जरा घाईनेच.

त्याने पोतं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. पाऊस थांबला, आणि का कोण जाणे, मला त्या पावसाचा रागच आला.

पुढच्याच आठवड्यात तो आमच्या घरी आला. आजोबांच्या, वेल्डनच्या, छातीत जन्मभर खाणीत राबून कोळशाची धूळ बसली होती. डॉक्टरांनी महिना दिला होता. त्यांना स्वतःच्या अंत्यविधीसाठी गाणं हवं होतं.

"फक्त... खोटं नको म्हणालेत," कॉय म्हणाला.

मी गेले. एकदा, मग रोजच. वेल्डन नाकात नळी घालून ओसरीत बसायचे, ताकात मक्याची भाकरी कुस्करून खायचे.

"पोरी, तिकडे माझी एडना भेटणार असेल तर मी आत्ता निघतो," ते म्हणाले. "पण भेटेलच, असं मला कुणी छातीठोक सांगू नये. कुणी जाऊन बघून आलेलं नाही."

कॉय आणि मी पायरीवर बसून शेंगा सोलायचो. एकच टोपली. बोटं लागायची... दोघंही दुसरीकडे बघायचो.

"तुझं लक्ष शेंगांकडे कमी आहे," एकदा मी म्हणाले.

"शेंगा काही गात नाहीत."

"गायल्या असत्या तर?"

"तर त्यांच्या गाण्यात निदान सगळे जगले असते."

पहिलं कडवं खाणीचं झालं. दुसरं त्यांच्या बायकोचं, एडनाचं – स्वयंपाक करताना ती गुणगुणायची त्याचं. तिसऱ्याशी मी अडले. हात सवयीने स्वर्गाचं सोनेरी दार लिहायचा, मी खोडायचे. 'कदाचित' लिहिलं, ते चालीत बसेना. हे मी खरेपणासाठी खोडतेय की कॉयला आवडावं म्हणून? आणि दार खोटं आहे, हे तरी मला कुणी सांगितलं?

गाण्यात स्वर्ग येत नाहीये हे बाबांना कळलं. ते चिडले नाहीत. "रूथी, लोक रडायला येतात," एवढंच म्हणाले. "त्यांना रिकाम्या हाताने घरी पाठवू नकोस."

सप्टेंबरात, एका मंगळवारी, वेल्डन गेले. एडना आमच्या चर्चमागेच पुरलेली, म्हणून कॉयने त्यांना तिथेच आणलं.

मी गायला उभी राहिले. दोन कडवी झाली. तार छेडत राहिले... आणि तिसऱ्याला तोंड उघडलं तर शब्दच नाही. पहिल्या बाकावर कॉय मान खाली घालून बसलेला. माझा हात तीच चाल पुन्हा पुन्हा फिरवत होता. आता काय करायचं?

मागून आवाज आला. बाबा. जाड, थोडा बेसूर आवाज, शब्दांशिवाय – नुसती चाल गुणगुणत होते. मग पुढच्या बाकावरची म्हातारी. मग सगळं चर्च. कुणीच शब्द घातले नाहीत.

नंतर बाबांनी माझा खांदा दाबला. "मला वाटलं विसरलीस."

"विसरले नव्हते."

"हं," ते म्हणाले, आणि लोकांचे हात हातात घ्यायला निघून गेले.

जेवणाच्या वेळी कॉय दोन ताटल्या घेऊन बाहेर आला. हॅम, बटाट्याचं सॅलड. आम्ही गवतावर बसलो. खाल्लं कुणीच नाही.

"कॉय, मी काय मानते ते मलाच माहीत नाही," मी म्हणाले. "सकाळी एक असतं, संध्याकाळी दुसरं. त्यात तू येऊन आणखी गोंधळ घातलास..."

"माझं ऐक. मघाशी सगळे गुणगुणत होते ना, तेव्हा मला वाटलं, आजी त्यांना भेटली असावी." त्याने डोळे पुसले, कसनुसा हसला. "म्हणजे मीही कामातून गेलो."

मला हसू आलं आणि रडूही.

"मला एवढंच पक्कं ठाऊक आहे की तू मला हवी आहेस, रूथअ‍ॅन. बाकीचं... बघू हळूहळू. चालेल?"

"हो," मी म्हणाले. नेमकं कशाकशाला, ते त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला नीट सांगता आलं नसतं. मी त्याचा हात मात्र धरला, सगळ्या चर्चदेखत.