एक मिलिमीटर तांबं

"मिस्त्री कुठायत?"

"तुमच्याशीच बोलतीये की."

पोरगा गडबडला. दौंडवरनं फुलांच्या टेम्पोत खोललेली बाईक घालून तो शिरूरच्या या मशीनशॉपला आला होता. खिशाला शेवंतीच्या दोन पाकळ्या अजून चिकटलेल्या. समोर लेथपाशी केस वर बांधलेली पोरगी, मनगटापर्यंत काळी. तो तिच्याकडं बघतच राहिला... आणि ती बघत होती त्याच्या हातातल्या इंजिनाच्या हेडकडं.

"किती वेळा घासून घेतलंय हे?"

"दोनदा. वाकडं झालतं. आता चढाला गाडी ठोकती — टकटकटक. दौंडात म्हणत्यात पातळ गॅस्केट टाक, पळंल."

"पळंल की. पिस्टनला भोक पडंस्तवर."

तो हसला. गोकुळ त्याचं नाव. हसताना त्याचा एक गाल आत जायचा. हे लेथवाल्या पोरीला, प्रांजलला, दिसलं, आणि आपल्याला दिसलं याचा तिला रागच आला.

तिनं हेड उताणं ठेवलं. खोलगट वाटीच्या कडेला ग्रीस लावलं, वर भोकाची काच दाबली.

"धरा. हलली तर परत पहिल्यापासनं."

सिरिंजमधनं ती थेंब थेंब डिझेल सोडायला लागली. काचेखाली शेवटचा बुडबुडा सरकत होता. दोघांची डोकी इतकी जवळ, की तिला शेवंतीचा वास आला. वर्कशॉपमधे... शेवंतीचा!

"श्वास सोडा," ती म्हणाली. "काच सोडू नका."

बुडबुडा गेला. सिरिंजवर बघून ती म्हणाली, "दहा पूर्णांक एक सीसी. आता ऐका. तुमचा पिस्टन एका फेरीत सत्त्याण्णव सीसी हवा ओढतो. ते सगळं दाबून बसवायची जागा म्हंजी ही वाटी आन् गॅस्केटची जाडी. नेहमीचं अर्ध्या मिलिमीटरचं गॅस्केट एक सीसी जागा देतं. झाले साधारण अकरा. सत्त्याण्णवात अकरा मिळवायचे, अकरानं भागायचं..."

"पावणेदहा. थोडं वरच."

ती थबकली. "तोंडी केलं?"

"फूलबाजारात कॅल्क्युलेटर काढंस्तवर माल जातो, मॅडम."

"मॅडम न्हाई. मिस्त्री." पण ती हसली. "म्हंजी पावणेदहा पट दाब. कंपनीनं दिलाय नऊ पट. घासून घासून तुमची जागा कमी झाली, म्हणून ठोकती. एक मिलिमीटर तांबं टाकते. दोन सीसी जागा, परत नऊ."

तिनं तांब्याच्या पत्र्यातनं गॅस्केट कापलं, लालबुंद केलं आणि चर्रकन पाण्यात बुडवलं.

"आता कडक झालं आसंल," गोकुळ म्हणाला.

"लोखंड होतं. तांबं मऊ पडतं. बघा." तिनं ते त्याच्या तळव्यावर ठेवलं. बोटं लागली. दोघांनीही काढून घ्यायची घाई केली न्हाई...

तेवढ्यात मागनं आवाज आला. "प्रांजल!" तिचे वडील, सोपानराव; ती त्यांना आबा म्हणायची. हे शॉप त्यांचं, तिला काम शिकवलं त्यांनीच. "रविवारी पाहुणे येणारेत बघायला. नखं साफ कर. आन् ध्यानात हाय ना? पोरगी घरी शिवणकाम करती, आसं सांगितलंय. आधीची दोन स्थळं या लेथपायी माघारी गेली. लग्न जमलं की हे बंद."

आबा आत गेल्यावर गोकुळ हळूच म्हणाला, "शिवणकाम?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"काय न्हाई. गाडी ठोकली तर रविवारी तक्रार घेऊन येतो."

"आन् न्हाई ठोकली तर?"

"तरी येतो."

रविवारी शॉपच्या मागच्या घरात चहा-पोहे झाले. नवरदेव पोह्यांत दंग. त्याचे मामा, हौसराव, मात्र सगळं बघत होते.

"शिवणकामानं नखं काळी व्हत्यात व्हय, पोरी?"

"मशीनला तेल घालताना..." आबा घाईनं म्हणाले.

आणि बाहेर बाईक येऊन थांबली.

"मिस्त्रीऽऽ! ठोकत न्हाई!"

प्रांजल उभी राहिली. पदर कमरेला घट्ट खोचला. "मामा, मशीन म्हंजी लेथ. ही जी गाडी वाजतीये ना, तिचं गॅस्केट मी कापलंय. लग्नानंतरबी कापणार. चालत आसंल तर बसा."

ती बाहेर गेली. मागनं आबा धावले — ओरडायलाच. गोकुळ मागं झेंडूचे दोन क्रेट बांधून, पारगावच्या पुलावरनं भरल्या गाडीनं आला होता. आबांनी तोंड उघडलं... आणि तसेच थांबले. जुना मिस्त्री माणूस. त्यांनी फळीवरचा स्क्रूड्रायव्हर उचलला, टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली.

"रेस दे."

गोकुळनं दिली. आबांनी डोळे मिटले.

"...बरोबर बसलंय," ते पुटपुटले. मग आतनं हौसरावांचा आवाज आला, "सोपानराव, आम्ही निघतो!" आबा वळले न्हाईत. म्हणाले, "कुणाचा रं तू?"

"दौंडचा. शेवंतीवाल्या माळ्यांचा."

आबांचा चेहरा घट्ट झाला. आपण पाटील, हा माळी — ते बोलायची गरजच नव्हती. "काम झालं न्हवं? नीघ आता."

"चढाची टेस्ट राहिलीये," प्रांजल म्हणाली. आणि तिनं क्रेटची दोरी सोडली. एक क्रेट उतरवला. दुसरा उतरवला.

"प्रांजल, सगळी आळी बघतीये!"

"बघू द्या की, आबा. चोरून जायचं असतं तर अंधाराची वाट बघितली असती. तासाभरात येते. लेथ बंद करू नका, काम हाय."

ती मागं बसली. गोकुळचे कान लाल झाले होते, तापवलेल्या तांब्यासारखे.

"मधी..." तो चाचरला, "आपल्यामधी किती जाडीचं गॅस्केट ठेवायचं, मिस्त्री?"

तिनं काळ्या नखांचा हात सगळ्यांदेखत त्याच्या खांद्यावर ठेवला.

"ते इंजिनाला लागतं रे, येड्या," ती म्हणाली. "घाल गिअर."