वेटिंग रूममधले चौदाजण

आता स्टेशन वाचलंय, म्हणून सांगायला हरकत नाही. दिवा जरा मोठा करा आणि मध्ये थांबवू नका. एकदा थांबले की पुन्हा सुरुवात करायचा धीर होत नाही मला.

माझं लोकरीचं दुकान आहे. स्टेशन बंद करणार अशी नोटीस लागली, तेव्हा आम्ही बचाव समिती काढली. समिती म्हणजे मी, निवृत्त पोस्टमनकाका, घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी आणि एक रबरी शिक्का. त्यातला दरारा काय तो शिक्क्याचाच, असं काका म्हणायचे. त्यांची बायको पुढच्या स्टेशनजवळच्या इस्पितळात वर्षभर पडून होती. दर शनिवारी ते याच गाडीने तिला भेटायला जायचे. माझं कारण वेगळं होतं. माझा थोरला भाऊ बाविसाव्या वर्षी इथूनच गाडीत बसला, बोटीवर कामाला लागला, आणि वर्षाच्या आत बोट बुडाल्याची तार आली. प्रेतही मिळालं नाही. आई शेवटपर्यंत म्हणायची, "वेटिंग रूमला कुलूप लागू देऊ नकोस गं. तो आला तर बसेल कुठे?"

अर्ज झाले, सह्या झाल्या, हेलपाटे तर विचारूच नका. शेवटी वरून उत्तर आलं : एक साहेब येऊन संध्याकाळी पाच चाळीसच्या गाडीचे प्रवासी मोजतील. दहाच्या वर भरले तर स्टेशन राहील.

आम्ही घरोघर फिरलो. चाळीसजणांनी शब्द दिला. आणि नेमकं त्या दिवशी असं धुकं उतरलं, की स्वतःचा पसरलेला हात दिसेना. पाच वाजले, सव्वापाच झाले. फलाटावर आम्ही तिघंच. आवाज म्हणाल तर छपरावरून टपकणाऱ्या थेंबांचा.

साहेब आले. काटकुळे, थकलेले, गळ्यात मफलर. आमच्याकडे पाहून म्हणाले, "एवढेच?"

"येतायत साहेब," काका म्हणाले. "धुक्यामुळे जरा..."

"आत कोणी आहे?"

मी वेटिंग रूमचं दार उघडलं. तीन लांब बाकं, फिनेलचा वास, बाकी सगळं रिकामं. मी मान खाली घातली. संपलं, असं वाटलं.

साहेब मात्र उंबऱ्यातच थबकले.

"बसा, बसा," ते हळूच म्हणाले. "उठू नका कोणी."

आधी वाटलं, थट्टा करतायत. पण ते पेन्सिल घेऊन एकेका बाकापुढून सरकत होते. थांबत होते, मान डोलवत होते. कोपऱ्याशी वाकले, कान पुढे केला, आणि म्हणाले, "हो... सांगतो."

बाहेर येऊन त्यांनी वहीत आकडा लिहिला. "चौदा."

घड्याळजींनी माझा दंड घट्ट धरला.

"बाई," साहेब मला म्हणाले, "त्या कोपऱ्यातल्या तरुणाला काहीतरी पांघरायला द्या हो. नखशिखांत भिजलाय. अंगावर स्वेटर आहे, पण तोही धड नाही. एक बाही लांब, एक आखूड."

मी दहा वर्षांची असताना विणलेला पहिला स्वेटर होता तो. सगळे हसले होते. दादा तेवढा हसला नाही. तोच घालून गेला.

"काय... काय म्हणाला तो?"

"म्हणाला, डोळा लागतोय. गाडी आली की उठवा."

धुक्यात शिट्टी वाजली.

"आत जाऊ नकोस," काका कुजबुजले.

भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण भावाने उठवायला सांगितलं होतं. मी आत गेले, रिकाम्या कोपऱ्यापुढे उभी राहिले. "दादा... ऊठ. गाडी आली."

काहीच झालं नाही. मग बाक करकरलं. मग दुसरं, तिसरं, दाटीवाटीने बसलेली माणसं एकदम उठावीत तशी. ओल्या लोकरीचा वास आला. माझ्या डोक्यावर काहीतरी गार टेकलं, लहानपणी तो हात ठेवायचा तसं, आणि दाराकडे सरकलं.

मिनिटभर थांबणारी गाडी त्या दिवशी पाच मिनिटं थांबली. घड्याळजींनी वेळ पाहिली होती. साहेब शेवटी चढले. मागचा लाल दिवा धुक्यात विरला, तेव्हा मी पुन्हा आत गेले. कोपऱ्यातली जागा ओली होती. मी ती माझ्या शालीने पुसली. फडक्याने पुसवेना.

महिन्याने पत्र आलं. स्टेशन कायम! काकांनी रडत रडत शिक्क्याचा मुका घेतला. पत्रासोबत साहेबांच्या वहीतल्या पानाची प्रत होती. घड्याळजींनी ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, आणि माझ्यापुढे सरकवली.

चढलेले प्रवासी : चौदा.

त्याखाली, त्याच अक्षरात : उतरलेले प्रवासी : एक.

आम्ही तिघंही गाडी जाईपर्यंत तिथेच होतो. शपथेवर सांगते, त्या संध्याकाळी गाडीतून कोणीही उतरलं नव्हतं.