इमिलचे चार कोपरे

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एल्डर्स फोर्कच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बेसबॉल कार्डांचा बाजार भरायचा. लोक चर्चमधून थेट इथेच येत, त्यामुळे निम्म्या जणांच्या गळ्यात टाय आणि हातात लोण्यात परतलेल्या कोबी-नूडल्सची कागदी ताटली असे. ताटली कार्डांजवळ आणायची नाही, हा तिथला एकमेव कडक नियम. बाकी भांडणं, थट्टा, घासाघीस, सगळं चालायचं.

रोझेला हुडॅकचं टेबल खिडकीखाली होतं. आठवडाभर ती शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायची आणि रविवारी भावाच्या जुन्या सायकलच्या टोपलीतून तीन खोकी घेऊन यायची. खोक्यांत सगळे बाकावर बसून राहिलेले, दोन-तीन मोसमांत विसरले गेलेले खेळाडू.

"गाडीची गरजच नाही तुला," शेजारच्या टेबलावरचा वॉल्टर प्रिबिश दर वेळी म्हणायचा. "तुझी तिन्ही खोकी मिळून एका सँडविचची किंमत नाही होत."

"नामवंतांना सांभाळायला अख्खं जग आहे रे," रोझेला म्हणायची. "यांना मी आहे."

खोक्यांच्या मागे, कडक प्लास्टिकच्या पाकिटात, एक कार्ड उभं असायचं. त्याला लाकडी चिमट्याने चिठ्ठी लावलेली: विकायचं नाही. तीस वर्षांपूर्वी गावच्या बेकरीने आपल्या संघाची चोवीस कार्डं छापली होती, पावाच्या प्रत्येक लादीत एक. हे त्यातलं इमिलचं. तिचा थोरला भाऊ, डावखुरा गोलंदाज, पुढच्या दोन दातांत फट आणि ती दाखवत हसणारा. एक मोसम खेळला आणि त्याच हिवाळ्यात पुलावरच्या बर्फावरून त्याची गाडी नदीत गेली. कार्डाचे चारही कोपरे मात्र सुईसारखे टोकदार होते; जमवणाऱ्यांच्या लेखी कार्डाची सगळी किंमत कोपऱ्यांत. रोझेलाने ते तीस वर्षांत एकदाही पाकिटातून काढलं नव्हतं.

एप्रिलमध्ये तो माणूस पहिल्यांदा आला. राखाडी कोट, स्वच्छ नखं, काखेत जाडजूड अल्बम. तिची खोकी तो चाळू लागला, सगळे चाळतात तशीच, आपल्या संग्रहात काय आहे, काय नाही ते पुटपुटत.

"आहे. आहे. आहे."

तिन्ही खोकी संपली तरी त्याच्या तोंडून दुसरा शब्द निघाला नाही. रोझेलाला जरा रागच आला. मग त्याची नजर इमिलवर गेली.

"नाही," तो म्हणाला.

"विकायचं नाही ते. चिठ्ठी वाचता येत नाही का?"

त्याने अल्बम उघडला. बेकरीचा संघ, ओळीने. फक्त दोन खण रिकामे होते. एक इमिलचा. दुसऱ्या खणात बसणारं कार्ड वॉल्टरकडे होतं, त्याच्या वडिलांचं. म्हातारा जो प्रिबिश, फलंदाजाच्या मागे झेल घ्यायला उकिडवा बसलेला, गालात तंबाखूचा गोळा, खदखदून हसताना. वॉल्टरने तासाभरात ते दिलं आणि बदल्यात सही केलेला चेंडू घेतला. दिवसभर तो चेंडू सगळ्यांना दाखवत हिंडला.

मे महिन्यात माणूस पुन्हा आला. आता अल्बममध्ये एकच खण रिकामा होता. रोझेलाने जो प्रिबिशला पाहिलं. तोच उकिडवा, तीच टोपी. तोंड मात्र मिटलेलं. तिने पान उलटून पाहिलं. तेवीसच्या तेवीस तोंडं मिटलेली.

"वॉल्टर, तुझे बाबा या फोटोत हसत होते ना रे?"

"माझे बाबा?" वॉल्टरने चेंडू पुसणं थांबवलं नाही. "अगं, मला कुठले बाबा? आईनेच वाढवलं मला."

थट्टाच असणार, तिला वाटलं. वॉल्टरला थट्टेची वेळ कधी कळायचीच नाही.

"निदान हातात तरी देता?" माणूस म्हणाला.

कार्ड हातात द्यायला नाही म्हणणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं, असं त्या हॉलमध्ये मानत. चारचौघे बघत होते. रोझेलाने पाकिटासकट दिलं. त्याने ते दोन बोटांत कडांवर धरलं, डोळ्यांसमोर नाही नेलं. कानाशी नेलं. बराच वेळ धरून ठेवलं. मग नीट परत केलं आणि आभार मानले.

संध्याकाळी भांडी विसळताना तिला शिट्टी आठवेना. इमिल कोपऱ्यावरून वळला की चार सुरांची शिट्टी वाजवायचा आणि आई चुलीवर तवा ठेवायची. तीस वर्षं ती शिट्टी रोझेलाच्या ओठांवर आपसूक यायची, भांडी घासताना तर हमखास. आता ओठ नुसतेच गोल झाले. हवा आली आणि गेली. तिने हात पुसून पाकीट उजेडात धरलं. इमिलच्या दातांतली फट दिसत नव्हती. ओठ जवळजवळ मिटले होते.

दुसऱ्या दिवशी ती वॉल्टरच्या घरी गेली. बैठकीतल्या भिंतीवर, जिथे म्हाताऱ्याचा लग्नातला फोटो असायचा, तिथे रंगाचा उजळ चौकोन होता.

"इथे काय होतं रे?"

"इथे?" वॉल्टर चौकोनाकडे बघत राहिला. "काही नाही. खिळा होता."

जूनमध्ये इमिलचं कार्ड ती घरी ठेवून जाणार होती. मग तिला स्वतःचाच संताप आला. आपलं माणूस आपण कपाटात लपवायचं, ते कोणाच्या भीतीने? तिने ते नेहमीच्या जागी उभं केलं, चिठ्ठीसकट. आणि मुद्दाम लोण्याने थबथबलेली ताटली घेऊन टेबलामागे बसली.

"ताटली!" दोन-तीन जण ओरडले.

"दिसते मला," रोझेला म्हणाली.

माणूस आला. या वेळी त्याने अल्बम उघडला नाही. खिशातून एक कार्ड काढून तिच्यापुढे ठेवलं. क्रमांक चारशे सात. लहानपणी इमिल आणि ती मिळून जो संच जमवत होती, त्यातलं राहिलेलं एकमेव. संचाच्या यादीवर इमिलने मिळालेल्या कार्डांपुढे पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. चारशे सातचा चौकोन अजून कोरा होता. तीस वर्षं ती ते कार्ड शोधत होती. तिचा हात आपोआप पुढे गेला.

"दे की गं," वॉल्टर कुजबुजला. "असा सौदा पुन्हा नाही मिळायचा. आणि तो कोण तो, तुझा..." तो अडखळला. "कोण होता गं तो तुझा?"

रोझेलाने हात मागे घेतला.

तिने चिठ्ठीचा चिमटा काढून पाकीट उघडलं. कार्ड बाहेर आलं. तीस वर्षांनी जुन्या पुठ्ठ्याचा आणि पावाचा वास.

"सांभाळून," माणूस म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला.

तिने पहिला कोपरा दुमडला.

कुणीतरी देवाचं नाव घेतलं.

दुसरा. तिसरा. चौथा जरा चिवट होता, तो तिने दातांनी दुमडला.

मग लोण्याचा अंगठा इमिलच्या छातीवर उमटवला. बॉलपेन घेतलं आणि आडवं, ठळक लिहिलं: माझा भाऊ. रोझेला.

"हं," ती म्हणाली. "घ्या आता."

माणूस कार्डाकडे बघत होता. त्याची स्वच्छ नखं टेबलाच्या कडेवर पांढरी पडली होती.

"चारही गेले," तो म्हणाला.

"चारही. आणि परत आलात तर उरलेलं मी चावून खाईन, पण तुमच्या त्या वहीत माझा भाऊ तोंड मिटून बसायचा नाही."

त्याने चारशे सात उचललं, खिशात घातलं. अल्बम काखेत मारला. दारातून बाहेर पडताना त्याने पुढच्या टेबलावरचं एक खोकं सवयीने चाळलं.

"आहे. आहे. आहे."

रोझेलाने खोकी आवरली आणि ती बाहेर सायकलपाशी आली. इमिलच लहानपणी शिकवायचा: कार्ड लाकडी चिमट्याने चाकाच्या दांड्याला लावायचं, की आरे त्यावर फटफट आपटतात आणि सायकलची मोटरसायकल होते. कार्डाची वाट लागते, लागू दे. तिने तोच चिठ्ठीचा चिमटा घेतला आणि इमिलचं कार्ड चाकाला लावलं.

उतारावर चाकाने वेग घेतला. फट-फट-फट-फट. सेहेचाळीस वर्षांची बाई, टोपलीत तीन खोकी, मांडीपर्यंत उडणारा रविवारचा झगा. लोक व्हरांड्यातून बघत होते. बघू देत. तिचे ओठ गोल झाले आणि पहिला सूर आला. मग दुसरा. मग तिसरा.

पुलाच्या मधोमध ती थांबली. चौथा सूर येईना. पाय जमिनीला टेकवून तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एक, दोन, तीन. खाली नदी संथ होती. चाक स्थिर होतं, कार्ड आऱ्यांना टेकून निपचित.

चौथा सूर चाकातून आला.