पंचवटीतलं बटण

दार लोटून घ्या आणि मधे कोणी बोलू नका. ही तुमच्या वाल्मीकमामांची गोष्ट. वाल्मीक पगारे. मला त्यांनी ती दोनदाच सांगितली, पण दोन्ही वेळा एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. म्हणून मी ती खरी मानतो.

साल अठ्ठ्याऐंशी. दिवाळी होऊन आठवडा झालेला. सतरा नोव्हेंबर, गुरुवार. अमावास्या वगैरे काही नव्हती, चांगलं अर्धं चांदणं होतं. साडेसातच्या सुमाराला वाल्मीक रिक्षात कॉम्प्युटर मांडीवर घेऊन गोदावरी ओलांडून पंचवटीत आला. भाजीबाजारामागच्या गल्लीत सुमनबाई टायपिंगचा क्लास चालवायच्या. तो कॉम्प्युटर त्यांच्यासाठी. मुंबईहून सुटे भाग आणून वाल्मीकनं स्वतः जोडलेला, त्याच्या हातचा पहिलाच. तोवर गडी रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचा. गल्लीतले लोक बाईंना म्हणायचे, "रेडिओवाल्याकडून कॉम्प्युटर? फसाल बाई!" बाईंनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला अकरा मुली पहिल्या धड्याला येणार होत्या.

फरशी नुकतीच पुसलेली, ओलीच होती. वाल्मीक चपला बाहेर काढून अनवाणी आत गेला. मशीन टेबलावर ठेवलं, वायरी जोडल्या, प्लग लावला. भिंतीवर जुन्या पद्धतीचं काळं, गोल बटण होतं. दांडी खाली केली की चालू. त्यानं ती खाली केली आणि मशीनमागचा लाल खटका दाबला.

काही नाही. पंखा फिरेना, दिवा लागेना.

"घरी तर मस्त चालत होतं," तो पुटपुटला. सहज भिंतीकडे पाहिलं. बटण बंद.

"बाई, बटण तुम्ही बंद केलंत का?"

"मी कशाला करू? मी इथे चहा टाकतेय." बाई आतल्या खोलीत स्टोव्हपाशी बसल्या होत्या. दारातून सरळ दिसत होत्या.

दांडी ढिली असेल, असं वाल्मीकला वाटलं. ती पुन्हा खाली करून त्यानं सॉकेटच्या भोकात टेस्टर घातला. टेस्टरमधला बारीक दिवा लालबुंद पेटला. म्हणजे करंट येत होता. मग रिक्षाच्या हादऱ्यांनी मशीनमध्येच काही हललं असणार. त्यानं प्लग काढला, फ्यूज पाहिला. शाबूत. झाकण उघडून आतली कार्डं एकेक करून काढली, फुंकली, घट्ट बसवली. पुन्हा प्लग लावला. दांडी खाली केली. मशीनकडे वळला.

मागे आवाज झाला. टक्.

बटण बंद.

"वाल्मीक, होईल ना हो सकाळपर्यंत?" बाईंनी आतून विचारलं.

"होईल बाई."

पण तो बटणाकडेच बघत राहिला. टेस्टर लावला तेव्हा बटण चालूच राहिलं होतं. मशीनला हात लावायला गेलं, की बंद.

त्यानं ठरवलं, आता सोडायचंच नाही. उजव्या हाताच्या तर्जनीनं दांडी खाली केली आणि बोट तसंच दाबून धरलं. डावा हात हळूहळू मशीनकडे नेला.

वीतभर अंतर राहिलं.

स्टोव्हचा आवाज येत होता... मग तोही ऐकू येईना.

बोटाखाली काहीतरी आलं.

बोट होतं. दुसऱ्या कुणाचं तरी. गार. खरखरीत. दांडी आणि त्याचं बोट, यांच्या मधे शिरलेलं.

वाल्मीकनं जोर लावला.

ते बोटही जोर लावत होतं. वर... वर...

समोर कोणी नव्हतं. भिंत होती.

टक्.

किती वेळ तो तसाच उभा होता, त्याला सांगता आलं नाही. पळून जावंसं वाटत होतं. पण माणूस मूळचा मिस्त्री. डोकं कुठेतरी चालू होतंच. त्यानं दांडी पुन्हा खाली केली, आणि हाताऐवजी टेस्टरचं टोक मशीनच्या पत्र्याला टेकवलं.

बटण चालूच राहिलं.

टेस्टर पेटला.

पेटीचा अख्खा पत्रा करंट मारत होता. मेन स्विच काढून त्यानं सॉकेट उघडला. दिवाळीत तो नवीन बसवताना कोणीतरी घाई केली होती. एक वायर निसटलेली, म्हणून मशीन सुरू होत नव्हतं. आणि अर्थिंगची वायर फेजला, म्हणजे करंटच्या वायरीला, चिकटलेली. अनवाणी पाय, ओली फरशी... पत्र्याला हात लागला असता, तर वाल्मीक तिथेच चिकटला असता.

बाई चहा घेऊन आल्या. त्याचं तोंड बघून कप तसाच हातात राहिला. त्यानं सगळं सांगितलं.

"इथे आधी पिठाची गिरणी होती," त्या म्हणाल्या. "पुंजा म्हणून होता गिरणीवाला. एक दिवस त्याची बायको चांगुणा मशीनला चिकटली. हा बाहेर ओट्यावर. धावला... पण बटणापर्यंत पोचेपर्यंत..."

"आणि तो?"

"वर्षभरात तोही गेला. शेवटी शेवटी दिवसभर या भिंतीपाशी उभा असायचा म्हणे. हात बटणावर."

वाल्मीकनं वायरी नीट केल्या. पावणेदहाला खटका दाबला, पंखा घरघरला, पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. बाईंना रडूच आलं. निघताना तो भिंतीपाशी थांबला आणि हळूच म्हणाला, "आज वेळेवर पोचलात, पुंजाभाऊ."

सकाळी अकराही मुली आल्या. मशीन पुढे सहा वर्षं चाललं. बटण कधीच आपोआप बंद झालं नाही.

एवढंच असतं, तर मी म्हटलं असतं, थकलेला माणूस, भास झाला असेल. पण टेस्टर तुम्ही पाहिलाय ना? त्याच्या मागच्या टोकाला बोट टेकवल्याशिवाय दिवा लागत नाही. बोट कुणाचंही चालतं. वाल्मीकमामांच्या अंगठ्यानं लागतो. करंगळीनंही लागतो. फक्त उजव्या हाताची तर्जनी, त्या रात्री दांडीवर होती ती, टेकवली, की...

परवा माझ्यासमोर, याच घरात, त्यांनी लावून पाहिला.

नाही लागला.