काटा उजवीकडं

निजामाच्या राज्यात तीर्थपुरीच्या वाटेला मोटार दिसायची ती महिन्यातून एखादी, आणि त्या दिवशी दिसली ती नेमकी साखराच्या कापसाच्या रानाशी बंद पडली. आतला तरुण उतरला आणि त्यानं कपाळाला हात लावला. कापूस वेचता वेचता साखरा खुदकन हसली... नको तेव्हा हसायची खोडच होती तिला.

"हसा, हसा! शेठ रातच्या आठच्या गाडीनं जालन्याला उतरून राह्यले. मोटार हजर न्हाई, तर माझी चाकरी गेली."

बांधावर बसलेल्या चतुराआत्यानं तेवढ्यात त्याची सगळी माहिती काढून घेतली. नाव इंद्रभान, गाव अंतरवाली, घरात चुलते. लग्न — अजून न्हाई.

हँडल मारून इंजिन सुरू झालं, पण डायनामो बॅटरी भरत नव्हता. दिव्यांशिवाय अंधारात जालना गाठायचं कसं?

"कुणीतरी आत बसून बॅटरीच्या घड्याळाचा काटा सांगा. डावीकडं म्हंजे बॅटरी खर्च होऊन राह्यली, उजवीकडं म्हंजे भरून राह्यली."

आत्यानं मानेनंच होकार दिला. साखरा पदर सावरत आत बसली. तो दिवे लावून पुढं इंजिनावर वाकला आणि डायनामोचा सैल झालेला कार्बन कापसाच्या पळाटीच्या काडीनं दाबू लागला.

"आता?"

"डावीकडं."

"आता?"

"डावीकडंच... कंबर न्हाई का दुखत?"

"काटा बघा. माझी कंबर नका बघू."

तिचे कान तापले. बघते तर काटा उजवीकडं! आता हा जाणार...

"आता?"

"...डावीकडंच."

असं तीनदा झालं. मग ऊन बांधावरून उतरलं आणि साखराला स्वतःचीच लाज वाटली. आपल्या जिवाच्या हौसेपायी दुसऱ्याची भाकर बुडवायची?

"उजवीकडं हाय," ती कशीबशी म्हणाली. "मघापासून. मी खोटं बोलले."

"ठाऊक हाय. दिवे माझ्यासमोरच लख्ख झाले की. काडी कवाच बांधून टाकली."

"मंग थांबलात कशाला?"

"खोटं का बोलून राह्यल्या, ते ऐकायला."

साखरानं मान वर केली. "तुम्ही जाऊ न्हाई म्हणून."

इंद्रभान हात पुसत उभा राहिला. मग आत्याकडं वळला. "परवा चुलत्याला घेऊन येतो."

"आधी ठेसन गाठ, बाबा!" आत्या उठलीच. "बिनचाकरीच्या माणसाला माझा भाऊ पोरगी देणार न्हाई!"

साखरा झटकन उतरली, पण दारावरचा हात काही निघेना.

"जा जल्दी," ती म्हणाली, "आन्... या जल्दी."